मारबतीकडे पाठ

आधीच सांगून ठेवतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. या सदरात दर वेळी कोणाला तरी घाटात पांढरी साडी दिसते, कोणाच्या तरी मामेभावाच्या मित्राला उलट्या पायांची बाई लिफ्ट मागते, आणि हे सगळं नेमकं मोबाइलची बॅटरी संपल्यावरच होतं. मी वाचतो आणि हसतो. त्या मामेभावाच्या मित्राला आजवर कोणी समोर आणून उभं केलेलं नाही.

त्यात माझा धंदा असा, की असल्या गोष्टी ऐकून ऐकून कान किटले आहेत. नागपुरात सीताबर्डीला माझं घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. अधूनमधून एखादं गिऱ्हाईक येतं, रुमालात गुंडाळलेलं जुनं घड्याळ काउंटरवर ठेवतं आणि आवाज खाली आणून सांगतं, "बाबांनी प्राण सोडला ना, त्याच क्षणी हे बंद पडलं." मी विचारतो, चावी कोण द्यायचं याला? तर म्हणे, बाबाच द्यायचे, रोज सकाळी. अहो, मग बाबा दवाखान्यात पडलेले असताना चावी कोणी दिली? कोणीच नाही! मग घड्याळ बंद पडणार नाही तर काय भजन म्हणणार? हे मी तोंडावर सांगतो आणि लोक रागावून जातात. घड्याळ चालू झालेलं त्यांना नकोच असतं, त्यांना गोष्ट हवी असते.

तर असा मी माणूस. आणि आता मीच तुम्हाला गोष्ट सांगायला बसलोय... हसा. मी तुमच्या जागी असतो तर हसलोच असतो.

हे झालं दोन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. भर दुपारी, लख्ख उन्हात, हजारो लोकांच्या गर्दीत. अमावस्येची रात्र नाही, पिंपळ नाही, काही नाही.

माझी मोठी बहीण तांडापेठेत राहते. नाईक तलावाजवळची विणकरांची जुनी वस्ती. आमच्या लहानपणी त्या गल्लीत शिरलं की घराघरातून मागाचा खटखटाट यायचा, आता टीव्हीचा येतो. माग विकून लोकांनी ऑटो घेतले, किराणा टाकला. माझ्या भाऊजींनीही सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली, पण घरातला माग मात्र मोडला नाही. खड्ड्याचा माग — विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, तसला. ताईनं कितीदा म्हटलं की तो खड्डा बुजवा, तिथे फ्रीज बसेल. भाऊजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

कारण त्यांना एक साडी विणायची होती. त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या, रूपालीच्या लग्नाची. आमच्यात पद्धतच होती — विणकराची पोरगी मांडवात येणार ती बापाच्या मागावरची साडी नेसून. आता कोणी पाळत नाही, गांधीबागेच्या बाजारात जाऊन सुरतेचा माल आणतात आणि त्यालाच पारंपरिक म्हणतात. भाऊजींना मात्र करवतकाठी विणायची होती. त्या साडीच्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. त्यासाठी आडवा धागा नेणारे तीन धोटे लागतात, दोन काठांचे आणि एक मधला, आणि प्रत्येक दाताशी काठाचा धागा मधल्या धाग्यात हातानं अडकवावा लागतो. एक दात चुकला की पुढची सगळी रांग वाकडी दिसते.

आणि भाऊजींचा उजवा हात थरथरायला लागला होता. वर्ष होऊन गेलं होतं. मी त्या हाताकडे पाहताना नेहमी घड्याळजीच्या नजरेनंच पाहायचो, सवय आहे. ती साधी थरथर नव्हती. चार-पाच वेळा भराभरा, मग एक उसंत, मग एकच मोठा झटका, आणि पुन्हा भराभरा. दम लागलेल्या घड्याळाचा ठोका असतो तसा. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. लग्न हिवाळ्यात ठरलेलं आणि मागावर ताणा, म्हणजे साडीचे उभे धागे, तसाच चढवून ठेवलेला. भाऊजी रोज त्याच्यावरची धूळ झटकायचे, आणि हात खिशात घालून ड्यूटीवर जायचे.

रूपाली बंगलोरला नोकरी करते. पोळ्याला सुट्टी काढून आली आणि म्हणाली, "मामा, मला ओल्ड नागपूर दाखव ना. व्हिडिओ करायचाय."

ओल्ड नागपूर! पंचवीस वर्षं तांडापेठेत वाढली ही पोरगी, आणि आता तिला ओल्ड नागपूर पाहायचंय. पण भाचीला नाही म्हणता येत नाही. निघालो सकाळीच — ती, मी आणि भाऊजी.

आमच्या शहरात इतिहास जपायची एक सोपी रीत आहे. जुनं काही सापडलं की त्याला रंग द्यायचा आणि नवं नाव. जुम्मा तलाव होता, त्याचा शुक्रवारी तलाव झाला, मग गांधीसागर. जुम्मा दरवाजा होता, तो गांधी गेट. भोसल्यांच्या काळातला एवढा देखणा दरवाजा, आणि त्याच्या कमानीखाली आम्ही उभे राहिलो तेव्हा एक माणूस त्याच दगडाला सायकल टेकवून फुगे विकत होता. शेजारी एक 'हेरिटेज वॉक'वाली टोळी आली होती. गळ्यात पट्टे, हातात पाण्याच्या बाटल्या. त्यांचा गाईड सांगत होता की गोंड राजानं हे शहर वसवलं आणि मग भोसले आले. एक बाई विचारत होती, "इथे वॉशरूम कुठेय?" महाल भागात राजवाड्यासमोर तेच, कोतवाली चौकात तेच. इतिहासापेक्षा पार्किंगची चर्चा जास्त.

रूपाली सगळ्याचे व्हिडिओ काढत होती. भाऊजी डाव्या हातानं दाखवायचे, "इथं आमचा बाप साड्याचे गठ्ठे घेऊन येत होता," एवढंच बोलायचे आणि पुढे चालायचे. उजवा हात खिशात.

तर्री पोहे खाऊन आम्ही इतवारीकडे वळलो, कारण त्या दिवशी मारबत होती.

विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात कागद-कापडाच्या दोन अवाढव्य बायका रस्त्यावरून निघतात — काळी मारबत आणि पिवळी मारबत. सोबत बडगे, म्हणजे पुढाऱ्यांची आणि भामट्यांची टिंगल करणारे पुतळे. इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ दोघींची गाठ पडते आणि मग शेवटी त्यांना जाळतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली भोसल्यांची राणी, असं कोणी सांगतं. कोणी म्हणतं पूतना राक्षसी. चार म्हाताऱ्यांना विचारा, पाच गोष्टी मिळतील. लोक तिच्याकडे बघून ओरडतात, "ईडा-पीडा, रोगराई, घेऊन जा गे मारबत!" ज्याची जी पीडा असेल ती नाव घेऊन सांगायची. महागाई घेऊन जा, डेंगू घेऊन जा, भ्रष्टाचार घेऊन जा. भ्रष्टाचार दर वर्षी नेतात आणि दर वर्षी तो ताजातवाना होऊन परत येतो, यावरूनच काय ते समजा.

ताई तिथे आधीच येऊन एका दुकानाच्या ओट्यावर जागा धरून उभी होती. मला पाहिल्याबरोबर म्हणाली, "भाऊ, एक ध्यानात ठेव. मारबतीले पाठ दाखवून उभं राहायचं नाही. अन् जो मांगून राहिला त्याच्या आडवं जायचं नाही. पीडा सरळ चालते गा, मधे जो सापडन त्याले लागते."

"काहून? पीडेले वळता येत नाही का? तिले इंडिकेटर नाही?"

"हास तू. तुले सगळ्याचं हसूच येते."

"तुम्ही लोक एकविसाव्या शतकात कागदाच्या बाईले आजार विकून राहिले, हसू नको तर काय करू?"

 भाऊजी ओट्याच्या कडेला जाऊन उभे राहिले होते आणि मी पहिल्यांदाच पाहिलं, त्यांनी उजवा हात खिशातून बाहेर काढला होता. चारचौघांत ते कधी काढत नसत.

ढोल जवळ आले. काळी मारबत वळणावरून दिसायला लागली, विजेच्या तारांना डोकं लागेल एवढी उंच. गर्दीचा लोट आला. रूपाली मला म्हणाली, "मामा, बाबा ओरडतील ना, ते मला हवंय. माझा हात हलतोय गर्दीत. तुझा हात एकदम स्टेडी आहे, तू काढ ना." आणि फोन माझ्या हातात कोंबला.

हात स्टेडी. ते खरंच होतं. केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरून मी शेजाऱ्याशी राजकारणावर भांडू शकत असे. मी रस्त्यावर उतरलो, भाऊजींच्या समोर जाऊन उभा राहिलो, मारबतीकडे पाठ करून, आणि फोन धरला. वरून ताई ओरडत होती, "बाजूले हो! बाजूले हो गा!" मला वाटलं, तिला फोटोत यायचंय.

भाऊजींनी हात वर केला. तो थरथरत होता, भराभरा, उसंत, झटका. हा माणूस घरात पाणी मागतानासुद्धा आवाज चढवत नाही. तो असा ओरडला की शेजारचे ढोलवाले वळून बघायला लागले.

"माझ्या हाताची थरथर घेऊन जा गे मारबत!"

मला काहीही झालं नाही. थंडगार वारा आला नाही, अंगावर काटा आला नाही. गर्दी पुढे सरकली, मारबत गेली, मी फोन रूपालीला परत दिला. बस्स.

घरी जाऊन आम्ही जेवायला बसलो. आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या ताईनं तव्यावर गरम केल्या होत्या. भाऊजींनी पाण्याचा गडू उचलला. उजव्या हातानं. तोंडाशी नेला, प्यायले, खाली ठेवला. एक थेंब सांडला नाही. ताईच्या हातातला पोळी उलटायचा सराटा तसाच राहिला. भाऊजींनी गडू पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला, आणि मग ते स्वतःच्या हाताकडे बघतच राहिले. 

मी म्हणालो, "पाहा, काही नाही, टेन्शन होतं. ओरडल्यानं मोकळं झालं." असं म्हणत मी दुधाची वाटी उचलली, आणि ती माझ्या शर्टावर सांडली. मी वाटी खाली ठेवली तर ती ताटाला लागून वाजायला लागली. चार-पाच वेळा भराभरा. मग उसंत. मग एक झटका.

रूपाली हसली, "मामा, काय झालं?" तिला कळलं नव्हतं. ताईला कळलं होतं. तिनं माझं मनगट धरलं, घट्ट, आणि हात तिच्या मुठीत तसाच हलत राहिला. "मी तुले किती आवाज दिले," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला गप्प बस म्हणालो. उन्हात फिरलोय, साखर कमी झाली असेल. आणि मला राग आला, कोणाचा ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात स्क्रू उचलता आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी डॉक्टरकडे गेलो, ढीगभर तपासण्या केल्या, सगळ्या स्वच्छ. वय झालं, असं होतं म्हणाले. भाऊजींचं विचारलं तर म्हणाले, ताणामुळे येते थरथर, ताण गेला की जाते. माझं वेगळं सांगितलं तर त्याला कारण आहे. भाऊजींचं वेगळं सांगितलं तर त्यालाही कारण आहे. दोन्ही एकत्र सांगितल्यावर डॉक्टर खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "काका, तुमच्यासारख्या शिकल्या-सवरल्या माणसानं..." अगदी माझ्याच आवाजात. पहिल्यांदाच मला तो आवाज बाहेरून ऐकू आला, आणि कानाखाली वाजवावीशी वाटली.

मग तो व्हिडिओ. रूपालीनं बंगलोरहून पाठवला. सुरुवातीला चित्र एकदम स्थिर आहे. भाऊजींचा हात वर जातो, थरथरतोय. ते ओरडतात. आणि 'मारबत' हा शब्द संपता संपता त्यांचा हात थांबतो, आणि पूर्ण चित्र हलायला लागतं. मी तो कितीदा पाहिला असेल, सांगत नाही. गर्दीचा धक्का लागला म्हणावं तर धक्क्याला ताल नसतो. मी आयुष्यभर ठोके ऐकून घड्याळाचा रोग ओळखत आलोय. एका घड्याळाचा ठोका दुसऱ्यात कधी सापडत नाही, दोन्ही एकाच कारखान्यातली असली तरी. तो ठोका भाऊजींचा होता.

भाऊजींनी साडी विणली. तांडापेठेतल्या त्या गल्लीत कित्येक वर्षांनी माग वाजला, आणि ज्या शेजाऱ्यांनी आपापले माग भंगारात घातले होते तेच दारात येऊन 'वा वा' करायला लागले. मी एकदा पाहायला गेलो. भाऊजी खड्ड्यात पाय सोडून बसले होते, बोटं तीन धोट्यांवर फिरत होती, करवतीचे दात एकापुढे एक सरळ उमटत होते. मला पाहिल्यावर त्यांनी हात थांबवले आणि काठ कापडानं झाकला. मी म्हणालो, चालू द्या. खरं सांगायचं तर मला तो काठ पाहून रडू येत होतं, आणि थोडा हेवाही वाटत होता.

लग्न झालं. रूपाली त्या साडीत फार छान दिसली. मी अक्षता टाकल्या त्या निम्म्या पुढच्या रांगेतल्या लोकांच्या डोक्यावर पडल्या. दुकानात मी आता सेल बदलतो, पट्टे विकतो. घड्याळ उघडायचं काम गेलं. मृत बाबांची घड्याळं आली की मी दुसऱ्या दुकानाचा पत्ता देतो. लोकांना वाटतं मी माणूस म्हणून सुधारलो.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या आठवड्यात भाऊजी दुकानात आले. कधी येत नाहीत. काउंटरच्या बाहेर उभे राहून म्हणाले, "साळेबुवा, मारबत येऊन राहिली."

"दर वर्षी येते."

"यंदा तुम्ही मांगा. मी मधे उभा राहतो. पाठ दाखवून."

"भाऊजी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"पोरीची साडी झाली. माझं काम झालं. तुमचं दुकान पडून राहिलं, मले ते पाहवत नाही. आपली वस्तू दुसऱ्याच्या घरी टाकून आल्यावानी वाटते."

"तुमचा हात गोळ्यांनी बरा झाला."

"गोळ्या मी कवाच्याच बंद केल्या होत्या," ते म्हणाले. "तुमच्या ताईले माहीत नव्हतं."

मी त्यांना फार बोललो. अडाणी म्हणालो, अंधश्रद्ध म्हणालो, आणखीही काही काही. ते ऐकत उभे राहिले. जाताना म्हणाले, "येजा मात्र त्या दिवशी."

मी गेलो. का गेलो, विचारू नका. जाण्याआधी तांडापेठेत थांबलो तर मागावर नवा ताणा चढलेला होता. शेजारच्या गल्लीतल्या एका पोरीची साडी, आणि तिच्यानंतर अजून एकीची. भाऊजींनी वॉचमनची नोकरी सोडली होती. हे त्यांनी दुकानात मला सांगितलं नव्हतं.

आजही माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर ते स्वतःजवळ ठेवा, लिंबू-मिरची आणि मंत्र तर अजिबात पाठवू नका. मी आजही म्हणतो, कागदाची बाई कोणाचं काही नेत नाही. मग माझं मलाच विचारावं लागतं, विश्वास नव्हता तर त्या दिवशी हवं ते ओरडायला काय हरकत होती?

त्या दिवशी इतवारीत तीच गर्दी, तेच ढोल. काळी मारबत वळणावरून आली. भाऊजी रस्त्यावर उतरले, माझ्यासमोर येऊन मारबतीकडे पाठ करून उभे राहिले. दोन्ही हात पोटाशी जोडलेले, डोळे गच्च मिटलेले, इंजेक्शन घ्यायला बसलेल्या माणसासारखे. ताई ओट्यावर होती. या वेळी ती कोणालाच बाजूला हो म्हणाली नाही. तिनं पदर तोंडात धरला होता आणि ती एकदा नवऱ्याकडे बघत होती, एकदा माझ्याकडे.

मी हात वर केला. भराभरा, उसंत, झटका. मग छाती फुटेस्तोवर ओरडलो.

"डेंगू-मलेरिया घेऊन जा गे मारबत!"

मारबत पुढे गेली. भाऊजींनी डोळे उघडले. उजवा हात उन्हात धरून त्याच्याकडे पाहत राहिले, उलटा केला, सुलटा केला. हात स्थिर होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काहून गा?" ते म्हणाले.

"डास लय झाले ना इकडं," मी म्हणालो.